रात्सिंबाचं गाठोडं

कापड मांडीवर घेतलं, सुईत धागा ओवला, मांजरानं फाडलेलं भोक कुठवर गेलंय ते बघायला काठावरून बोट फिरवलं, आणि बोट तिथंच थांबलं. लगेच काही दचकले नाही मी. आपल्या हातचं कालवण दुसऱ्याच्या घरी आपल्यालाच वाढलं तर ओळखायला घास दोन घास जातात, तसं झालं. काठाच्या शेवटच्या वितीत रेशमाचा तपकिरी रंग काळपट दिसत होता आणि बोटाला जरा ताठ लागत होता. ते रेशीम नव्हतंच. ते माझे केस होते. चातीवर रानरेशमाबरोबर पीळ घालून मीच ते कातले होते आणि मीच काठात विणले होते. आमच्यात अशी काही रीत नाही, माझं मलाच तेव्हा सुचलं होतं, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगायचं कशाला? ज्याच्या अंगावर ते कापड जायचं होतं त्याला कळलं म्हणजे झालं. तो माझा नवरा, रात्सिंबा. फिरंग्यांनी त्याला गोळ्या घातल्या त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याचं कफन मी फ्रेंच कप्तानाच्या ओसरीवर बसून रफू करत होते, आणि कप्तानाची बायको आरामखुर्चीतून माझ्या बोटांकडे कौतुकानं बघत होती.

तरी मी सुई घातली. काय करणार होते दुसरं? हात सवयीनं चालतात. एक टाका, दुसरा टाका. कोचावर पसरून पसरून मधला भाग गुळगुळीत झाला होता, लोकांच्या पाठी घासून घासून. कडेचे शिशाचे मणी बरेचसे गेले होते. फारा नावाची पोरगी त्या घरी स्वयंपाक करायची आणि बाईंचं बोलणं आम्हाला, आमचं बाईंना सांगायची. मिशनच्या शाळेत शिकलेली, तोंडाळ, पण मनानं बरी. मी मान वर न करता तिला विचारलं, "काय गं, हे कुठं मिळालं तुमच्या बाईंना?" "मिळालं कुठलं, भेट आलीय," ती म्हणाली. "आल्यागेल्याला दाखवतात, मिरवतात. राबेंझासाहेबांनी दिलं, आपल्या पेठेचे सुभेदार नाहीत का, त्यांनी. कप्तान तेव्हा उत्तरेच्या ठाण्यावर होते. लाल शालवाल्यांचा कुणीतरी म्होरक्या बापाच्या कबरीवर येणार म्हणून राबेंझासाहेबांनीच खबर दिली म्हणे. हे बाईच सांगतात हं, हसत हसत. की असा शूर माणूस, जंगलात दोन वर्षं सापडला नाही, आणि सापडला कुठं, तर बापाची हाडं नाचवताना!" मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "काय झालं, रांगुरीमावशी? सुई टोचली का?" "टोचली," मी म्हटलं.

काम पुरं केलं मी. इतकं साफ केलं की भोक कुठं होतं ते माझं मला सापडेना. ह्याची लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, उठताना मी दोनदा उजेडात धरून बघितलं आणि बरं वाटलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला, झाकणावर त्यांच्या देशातल्या कुठल्याशा चर्चचं चित्र होतं. डबा घेतला. हातात दिला तर घेतलाच. तो काखेत मारून मी दगडी पायऱ्या उतरायला लागले. आमचं हे शहर सगळं पायऱ्यांचं, एक घर दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि सगळ्यांच्या वर राणीचा राजवाडा, त्याला आता कुलूप. थंडीचे दिवस, कोरडा वारा, तांबडी धूळ तोंडात जात होती. खाली कोळशेवाली ओरडत होती, कुणाच्या तरी घरी भाताच्या तळच्या करपटीत पाणी ओतल्याचा वास येत होता. सगळं जसंच्या तसं होतं. मी मधेच एका पायरीवर बसले आणि जाणाऱ्या बाईनं विचारलं, गुडघे का हो? हो म्हटलं, गुडघे.

राबेंझा आणि रात्सिंबा. ही नावं वेगळी घेतलेली मी कधी ऐकलीच नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा आधी मला दीर कळला तो हाच, रक्ताचा भाऊ. आईच्या पोटातून आलेल्यापेक्षा आमच्यात हा मोठा, कारण हा आपण निवडलेला. त्यांनी छातीवर चरे पाडले, आल्याचा तुकडा एकमेकांच्या रक्तात बुडवून खाल्ला, पाण्याच्या कटोऱ्यात भाला उभा धरून वडीलधाऱ्यांनी शाप म्हटला: जो दगा देईल त्याचं ह्या पाण्यानं पोट फुटो. मी तिथंच होते, नवी नवरी, मला हसू येत होतं कारण आलं तिखट लागून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पोट काही फुटलं नाही राबेंझाचं. सुटलं मात्र. आता तो पायऱ्या चढत नाही, पालखीत बसतो, डोक्यावर फिरंगी टोपी, कोटावर पदक. आणि दर सणाला मला पहिला मान: "वहिनी, आधी तुम्ही." आणि मी मूर्ख, मी खूश व्हायचे. बायकांत म्हणायचे, नवरा गेला पण माझ्यासाठी भाऊ मागं ठेवून गेला.

फिरंगी आमच्या बेटाच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा सगळे म्हणायचे, तापाला आणि जंगलाला सोपवा त्यांना, आपल्याला गोळी झाडायला लागणार नाही. ताप आला त्यांना, ढिगानं मेली त्यांची माणसं, तरी ते रस्ता खोदत वर आलेच. एका दुपारी राजवाड्यावर दोन गोळे पडले आणि संध्याकाळी पांढरं निशाण चढलं. आमचे सेनापती मानाचे अंगरखे घालून सलाम करायला रांगेत उभे. रात्सिंबा त्या दिवशी घरी आला, जेवला नाही, मी विणलेली पांढरी शाल घेतली आणि मागच्या शेतातल्या तांबड्या चिखलात बुडवली. "अरे, धुतलेली होती ती!" मी ओरडले. हेच माझे शब्द, सांगायला लाज वाटते. तो म्हणाला, "आता ह्या मातीचाच रंग राहू दे." लाल शालवाले असे जंगलात गेले. दोन वर्षं. मधल्या काळात राणीला बोटीत घालून नेलं, आणि शहरात लोक हळूहळू नव्या सलामाला सरावले. राबेंझा कचेरीत चिकटला. मला म्हणाला, "वहिनी, एकानं लढायचं, एकानं घर सांभाळायचं. आत माणूस असलेला बरा." मला पटलं. कुणाला पटणार नाही?

आणि मग ती कूस पालटायची वेळ आली. सासऱ्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. ज्योतिषानं दिवस काढला, वाडवडलांना कबरीतून बाहेर काढायचं, नवं रेशीम पांघरायचं, खांद्यावर घेऊन नाचवायचं, सगळं सांगायचं आणि परत निजवायचं. बापाच्या डोक्याकडची बाजू प्रत्येक मुलानं पाळीपाळीनं धरायची. न धरली तर तो कसला मुलगा! दुसऱ्या कुठल्याही कामासाठी रात्सिंबा जंगलाबाहेर आला नसता, माझ्या बाळंतपणाला आला नाही, ते मूल गेलं तरी आला नाही. ह्याला येणारच होता. फिरंग्यांना हे सुचलं नसतं, त्यांच्यात मेलेल्याला एकदा पुरलं की विसरतात. कुणीतरी आपल्यातल्यानंच सांगायला हवं. रात्सिंबानं निरोप धाडला होता फक्त मला. आणि मी तो सांगितला दोघांना. थोरल्या दिराला, राइनिवेलोला, कारण तो कुळाचा वडील, कबरीचं दार त्याच्याशिवाय उघडत नाही. आणि राबेंझाला, कारण रक्ताच्या भावानं पायांकडची बाजू धरायची. माझ्याच तोंडानं सांगितलं. ह्याच तोंडानं.

कबरीजवळच धरला त्याला, बाप खांद्यावर असताना. बापाला खाली ठेवूही दिलं नाही नीट. आठ दिवसांनी शहराच्या पायथ्याशी भिंतीसमोर त्याच्यासारख्या आणखी सोळा जणांबरोबर गोळ्या घातल्या आणि एकाच खड्ड्यात लोटलं. ही सगळ्यात मोठी शिक्षा होती, गोळी नाही. गोळीनं माणूस मरतो, खड्ड्यानं तो वाऱ्यावर जातो. आपल्या कबरीत न पोचलेला माणूस मेलेल्यांतही नाही आणि जिवंतांतही नाही, त्याला कुणी हाक मारायला नाही. मी अन्न सोडलं. सोडलं म्हणजे ठरवून नाही, घशाखाली उतरेचना. तेव्हा राबेंझा म्हणाला, "वहिनी, मी आहे ना आत. पहारेकऱ्याला फोडतो. हाडं आणतो. तुम्ही कफन विणा." नऊ दिवसांत विणलं मी ते कापड. चार महिने लागतात एरवी. बोटं सोलली, केस कापून कातले. आणि काही महिन्यांनी, पहाटे, दोन हमालांच्या खांद्यावर वेताच्या चटईत गुंडाळलेलं गाठोडं घेऊन तो दारात आला. वर साधं जाडंभरडं पांढरं कापड, सुतळीनं घट्ट आवळलेलं. "रेशीम आत आहे, वहिनी. नाक्यावर संशय येऊ नये म्हणून वरून हे गुंडाळलं. उघडू नका. बघवणार नाही." आमच्या कुळात तसंही जुनं सोडत नाहीत, त्याच्यावर नवं चढवतात. दर वेळी वाडवडील जाड होत जातात. त्या पांढऱ्या कापडाला मी मिठी मारली आणि त्या दिवशी वाटीभर भात खाल्ला.

आणि मग अकरा वर्षं मी राइनिवेलोशी बोलले नाही. कारण दोघांतल्या एकानं फितुरी केली होती, आणि एकानं तर जीव धोक्यात घालून हाडं आणली होती, मग उरला कोण? आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं बायका समजूत घालायच्या. मी नाही ऐकलं. भर सभेत, सगळ्या कुळासमोर मी त्याला फितूर म्हटलं. म्हातारा खाली बघत राहिला आणि मला वाटलं, बघा, तोंड आहे का बोलायला! बायको गेली त्याची, मी मयताला गेले नाही. लेकीच्या लग्नात त्याला शेवटच्या चटईवर बसवलं. हे सगळं त्या पायरीवर बसल्या बसल्या आठवत होतं आणि प्रत्येक गोष्ट आठवताना हातातला तो बिस्किटांचा डबा गार लागत होता. तो मी पायरीवरच ठेवून दिला. कुणी नेला असेल.

कूस पालटायला तीन दिवस होते. म्हणजे पुन्हा तेच, पाच वर्षांपूर्वी झालं तसं. त्या वेळी गाठोडं मांडीवर घेऊन मी सगळं सांगितलं होतं त्याला: की गुडघे दुखतात, की वुहांगीचं लग्न झालं, की शहरात दिवे आलेत, की राबेंझा फार करतो आपल्यासाठी. हळू आवाजात हेही सांगितलं होतं की माहेरच्यांना मी कळवून टाकलंय. बाईनं माहेरच्या कबरीत जायचं की सासरच्या, हे आमच्यात आधी सांगून ठेवतात. मी सांगितलं होतं: माझी जागा त्याच्या शेजारच्या फळीवर, डाव्या हाताला. माझा भाऊ अजून रुसलेला आहे. आता मला एवढंच हवं होतं, की मी ज्याच्या शेजारी निजणार, कायमची, तो कोण आहे? बाकी राबेंझाचं काय व्हायचं ते होवो.

वुहांगीला घेऊन मी गावी गेले, अर्ध्या दिवसाची चाल. ती सात महिन्यांची गरोदर, सावकाश चालायची, मी तिच्यापेक्षा सावकाश. लेक माझी अबोल, बापावर गेलेली. रस्ताभर मी तोंड उघडलं नाही. राइनिवेलो डुकरांच्या कोंडवाड्याशी पातेली घासत बसला होता, उद्याच्या मोठ्या भातासाठी. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं वर बघितलं, मग पुन्हा पातेल्याकडे. "दादा," मी म्हटलं. अकरा वर्षांनी तो शब्द तोंडातून आला. "दादा, मी शहरात त्याचं कफन बघितलं. कप्तानाच्या घरी."

त्यानं हातातली राख झटकली. म्हणाला, "बस." मी बसले नाही. "गाठोड्यात काय आहे, दादा?"

"रांगुरी, झाकली मूठ..."

"मूठ नको मला. काय आहे?"

"वासराची हाडं," तो म्हणाला. "आणि वजनाला मातीची ढेकळं. कबरीत ठेवताना मला हलकं लागलं, मी एक गाठ सोडून बघितली. एकटाच होतो आत."

मला हसायला आलं. देवाशप्पथ, हसायला आलं मला. एका वासराला मी सांगितलं होतं माझे गुडघे दुखतात म्हणून. एका वासराच्या डाव्या हाताला जागा धरून ठेवली होती, त्याच्यासाठी सख्खा भाऊ तोडला. दोनशे माणसं त्याला खांद्यावर घेऊन नाचली होती, आणि मी रडले होते, आणि राबेंझा पण रडला होता, माझ्या शेजारी, खऱ्या आसवांनी. ते काय होतं मग? हेच मला अजून कळत नाही. माणूस एवढं रडू कुठून आणतो?

"आणि तू गप्प बसलास!" मी ओरडले. पातेल्यांजवळच्या बायका वळून बघायला लागल्या. "मी तुला फितूर म्हटलं, सगळ्यांसमोर, आणि तू गप्प!"

"तू जेवायला लागली होतीस," तो म्हणाला. "महिनोन्महिने नुसत्या पेजेच्या पाण्यावर होतीस, पोरगी दहा वर्षांची. गाठोडं आलं आणि तू भात खाल्लास. मी काय सांगणार होतो? थांबू म्हटलं, जरा सावरू दे. मग राबेंझा सुभेदार झाला. बंडखोराची जमीन म्हणून कबरीचं शेत जप्त होणार होतं, ते त्यानं थांबवलं. मग तुझ्या जावयाला रस्त्याच्या वेठबिगारीतून सोडवलं. मग काय, एकदा गप्प बसलेला माणूस गप्पच बसतो." तो पुन्हा पातेलं घासायला लागला. "तू मला शिव्या द्यायचीस तेव्हा बरंच वाटायचं. म्हणायचो, चला, निदान काहीतरी भोगतोय."

म्हणजे ह्यानंही विकलं होतं मला. राबेंझानं कफन विकलं आणि ह्यानं माझी अकरा वर्षं, शेताच्या बांधासाठी. आणि तरी त्याच्या पाठीचं पोक बघून मला त्याच्यावर ओरडताही येईना. मी खाली बसले आणि दुसरं पातेलं ओढून घासायला घेतलं. दोघं घासत राहिलो. "उद्या दोनशे माणसं येणार," तो शेवटी म्हणाला. "तांदूळ भिजलेत. वाजंत्री आलेत. तू म्हणशील ते करू." मला माहीत होतं, मी म्हणेन ते तो करणार नाही. पण म्हणाला तरी.

वुहांगीला मी ओढ्यावर सांगितलं, ती पालेभाजी धूत होती. सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. माझ्या रागाचा वाटा उचलायला मला कुणीतरी हवं होतं, आणि तीच तर होती त्याची. तिनं भाजीची जुडी पाण्यात धरली आणि ती धरूनच ठेवली. "ऐकलंस का?" मी म्हटलं. "ऐकलं." तिचा हात पोटाकडे गेला. दोन मुलं गेली तिची, पोटातच. तिसऱ्या वेळी तिनं मागच्या सोहळ्यात बापाच्या गाठोड्यावरून काढून आणलेली चिंधी पोटाला बांधली, बायका बांधतात तशी, आणि हे मूल टिकलं. लुगड्याखाली ती चिंधी तेव्हाही होती. "आई, मला त्यांचा चेहरा आठवत नाही," ती म्हणाली. "दर वेळी आठवायला जाते तर ते गाठोडंच दिसतं." मी म्हटलं, "म्हणूनच तर सांगतेय ना गं!" ती भाजी पिळायला लागली. मला वाटलं, आतल्या आत पेटलीय. बापावर गेलेली पोरगी.

सकाळी ऊन चढल्यावर कबरीचं दार उघडलं. दगड सरकवताना पुरुष ओरडत होते, वाजंत्र्यांनी पिपाण्या तोंडाला लावल्या होत्या, डुकराच्या चरबीचा वास सगळ्या माळावर पसरला होता. राबेंझा पालखीतून उतरला, दोन माणसांनी धरून उतरवला. टोपी काढून माझ्याकडे आला, दोन्ही हातांत माझा हात धरला. माझ्या खांद्यावर नवं कफन होतं, दहा महिन्यांचं काम, रानरेशमाचं. "वहिनी, काय विणलंय हो! ह्यावेळचं तर फारच सुंदर."

"पहिल्याइतकं नाही," मी म्हटलं.

"छे छे, पहिल्यापेक्षा."

"पहिलं परवाच बघितलं मी. फाटलं होतं, रफू केलं."

त्याच्या हातातला माझा हात गार पडला की त्याचा, कळलं नाही. चेहरा हलला नाही, पण पदकाजवळ कोटाचं बटण श्वासानं वरखाली व्हायला लागलं. मग तो अगदी हळू, अगदी मायेनं म्हणाला, "घरी बोलू, वहिनी. माणसं आहेत." आणि जाऊन आपल्या जागी उभा राहिला, रात्सिंबाच्या पायांकडे. त्याच्या नावानं शाप उच्चारायचं मी मनात ठरवलं होतं, तेच जुने शब्द, भाला आणि पाणी. पण त्याच्याकडे बघितलं आणि वाटलं, हे ऐकून हा काय करील? डोकं हलवील, बिचारी म्हणेल. त्याला शब्द लागत नाहीत आता. मग ते सोडून दिलं.

गाठोडी एकेक करून चटयांवर मांडली गेली, सासरे, सासू, सासऱ्यांचे काका, आणि शेवटी ते, पांढरं, त्यावर पाच वर्षांपूर्वीचं रेशीम. आता कुळाच्या वडलांनी एकेकाला नावानं हाक मारायची आणि सगळ्यात जवळच्या माणसानं त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं: आहे. तसं उत्तर आल्याशिवाय नवं कापड चढत नाही, वाजंत्री फुंकत नाहीत. राइनिवेलोनं काकांना हाक मारली, कुणीतरी आहे म्हटलं. सासऱ्यांना हाक मारली, त्याचा त्यानंच आहे म्हटलं. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "रात्सिंबा!"

"नाही," मी म्हटलं.

आवाज मोठा नव्हता माझा. पण माळावर सगळ्यांना ऐकू गेला, कारण मागच्या बायकांचं बोलणं बंद झालं, आणि पिपाणीवाल्यानं पिपाणी खाली घेतली. काय म्हणाली? नाही म्हणाली. राइनिवेलोच्या मानेची शीर उडत होती. हाक तीनदा मारता येते. "रात्सिंबा!" तो पुन्हा म्हणाला, आणि त्यात विनवणी होती, सगळ्यांना कळेल अशी. "नाही," मी म्हटलं. "तो इथं नाही. तो भिंतीखालच्या खड्ड्यात आहे, सोळा जणांबरोबर. हा कोण आहे ते राबेंझाला विचारा." कुणी विचारलं नाही. दोनशे माणसांत कुणी मान वळवून राबेंझाकडे बघितलंसुद्धा नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं ओळखीचं होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं बघणं वेगळं असतं. ह्यांच्यात नवल नव्हतं. कुणाला वेठबिगार चुकवायची होती, कुणाला कचेरीत पोरगा चिकटवायचा होता, आणि त्या गाठोड्याचं वजन खांद्यावर घेतलेला एक राइनिवेलोच थोडा होता? नाचताना किती जणांना ते हलकं लागलं असेल! न कळलेली उरले होते ती मी एकटीच. माझ्या जेवण्यासाठी सगळं गाव नाचलं होतं.

"रात्सिंबा!" म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा हाक मारली. त्याचा आवाज फुटला. आता उत्तर आलं नाही तर त्याला ते गाठोडं उचलून बाजूला काढावं लागलं असतं, सगळ्यांसमोर उघडावं लागलं असतं. मी तोंड उघडलं.

"आहे," माझ्या मागून आवाज आला.

स्वच्छ आवाज, न अडखळलेला. मी वळले नाही. मला बाईचा आवाज ऐकू आला होता आणि कुणाचा ते माझ्या पाठीला कळलं होतं. माळभर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, ढोल सुरू झाला, पिपाण्या सुरू झाल्या, आणि राबेंझानं खाली वाकून पायांकडची बाजू उचलली. लोक माझ्या आजूबाजूनं पुढं घुसले, ढकललं कुणी, कुणी प्रेमानं दंड धरला. माझ्या खांद्यावरचं रेशीम कुणीतरी ओढलं. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. पुन्हा ओढलं, तेव्हा बघितलं. वुहांगी होती. एक हात पोटाखाली, एक हात कापडावर, तोंड लाल झालेलं, आणि डोळे माझ्याकडे नाहीत, त्या गाठोड्याकडे.

"दे ना, आई," ती म्हणाली. "थंडी आहे त्यांना."

मी दिलं.